हिवाळ्यातले दुर्मीळ पक्षी: पाणथळ, माळ, किनारा की जंगल?

खंड्या, वेडा राघू, कोतवाल, शिंपी, नदी सुरय हे सगळे आता नजरेत बसले आहेत. दुर्बीण गळ्यात जड वाटेनाशी झाली आहे. यंदाच्या थंडीत नेहमी न दिसणारं काहीतरी बघायचं आहे आणि त्यासाठी हाताशी दोन, फार तर तीन शनिवार-रविवार आहेत. अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. ज्यांना पहिल्यांदाच रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा बघायचा आहे, त्यांनी फार विचार न करता भिगवण गाठावं. तिथं निराशा होत नाही.

बाकीच्यांनी आधी एक गोष्ट ठरवावी. एरवी न दिसणारे पक्षी तीन वेगवेगळ्या कारणांनी दिसत नाहीत. काही मुळातच थोडे उरलेत आणि ठरावीक पट्ट्यातच राहतात. वनपिंगळा हे छोटं घुबड त्यातलं. काही मोठ्या थव्यात एखाददुसरेच असतात, म्हणजे शेकडो थापट्यांच्या गर्दीत शांत पोहणारं एखादं वेगळंच बदक. आणि काही येतात बऱ्यापैकी, पण त्यांच्या जागी कुणी जात नाही, किंवा गेलं तरी ओळख न पटवता "कुठलातरी ससाणा" म्हणून पुढे निघून जातं. माळावरचे हॅरियर हे शिकारी पक्षी आणि किनाऱ्यावरचे कुरव (सीगल) या शेवटच्या गटातले. पहिल्या प्रकाराला पत्ता आणि वाटाड्या लागतो. दुसऱ्याला स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण, आणि एका जागी तासन् तास बूड टेकून बसायची तयारी लागते. तिसऱ्याला घरी बसून केलेला अभ्यास लागतो. आपल्याकडे यातलं काय आहे, यावर कुठं जायचं ते ठरतं. "तिकडं काय काय दिसतं" या यादीवरून ठरवलं तर बहुतेक वेळा फसगत होते, कारण यादी दहा वर्षांची असते आणि आपण जाणार एक सकाळ.

माझा कौल आधीच देऊन टाकतो: एकच सहल जमणार असेल तर माळावर जा. पण तिथं पोचण्याआधी पाणथळींचा हिशेब करू, कारण निम्मे लोक तिकडेच जातात.

नांदूर मध्यमेश्वर आणि भिगवण

दोन्ही धरणाची पाणथळ, दोन्हीकडे थंडीत स्थलांतरित बदकं, दोन्हीकडे जेवणाखाण्याची सोय. कागदावर सारखीच वाटतात. प्रत्यक्षात बघण्याची पद्धतच वेगळी आहे.

नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथं. इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, त्यातून बेटं, पाणवनस्पती आणि उथळ दलदल तयार झाली. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून त्याची नोंद झाली. चापडगावच्या बाजूला वनविभागाचे मनोरे आहेत, बसायला लपणी आहेत, स्थानिक मार्गदर्शक मिळतात. मुख्य म्हणजे इथं तुम्ही जमिनीवर असता. तिपाईवर स्कोप लावून थवा डावीकडून उजवीकडे एकेक पक्षी करत चाळता येतो. दुसऱ्या प्रकारचा दुर्मीळ पक्षी सापडायचा हाच एक रस्ता आहे.

चाळणं म्हणजे नेमकं काय, तर असं. समोर पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा काळा पट्टा पसरलेला असतो, त्याच्या कडेला थापटे, तलवार बदकं, भिवई बदकं. तुम्ही प्रत्येक पक्षी ओळखायला जात नाही. तुम्ही नेहमीचे आकार डोळ्यांना गाळू देता आणि न बसणाऱ्या गोष्टीची वाट बघता: कपाळ जास्त उभं, चोच जास्त बारीक, शेपटीखाली पांढरं, डोळा फिकट. गर्द लालसर तपकिरी अंग, शेपटीखाली लख्ख पांढरा ठिपका आणि नराचा डोळाही पांढरा दिसला, तर ते फेरूजिनस डक. दोनशे बदकं बघितल्यावर असं एक थांबवतं. झोपलेली बदकं चोच पाठीत खुपसून बसलेली असतात, म्हणून मग ती जागी होईपर्यंत थांबायचं. ज्याला हे कंटाळवाणं वाटेल त्यानं नांदूरला जाऊन पैसे वाया घालवू नयेत.

इथं ऑक्टोबरात जाण्यात एक अडचण आहे. बदकांचे नर तेव्हा रंगीत पिसाऱ्यात नसतात. वीण संपल्यावर त्यांची पिसं गळून माद्यांसारखा मळकट तपकिरी वेष येतो आणि तो उतरायला काही काळ जातो. डिसेंबरपासून नर ओळखू येण्याजोगे होतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी मात्र बोचते. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत हे गाव दर हिवाळ्यात असतं. सकाळी पाण्यावर धुकं असलं तर आठ-साडेआठपर्यंत काही दिसत नाही, तेव्हा पहाटे तीनला उठून धावत यायचं काही कारण नाही. त्यापेक्षा धुकं विरेपर्यंत काठावरचं गवत बघा. पाणकणसात नीलकंठी फिरते, वरून दलदलीचा हॅरियर संथ घिरट्या घालतो आणि तो आला की सगळी बदकं एकदम उडतात. उडालेल्या थव्याचे पंख बघायची हीच संधी असते.

भिगवणला उलट आहे. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळ या बाजूला मच्छीमारांच्या होड्या मिळतात आणि खरी मजा होडीत आहे. पाणी डोळ्यांच्या पातळीवर, रोहित समोर, सूर्य पाठीशी. फोटोसाठी याला तोड नाही. पण होडीत स्कोप चालत नाही, कारण तळ हलतो. दहापटीच्या दुर्बिणीतूनही चित्र थरथरतं, आठपटीची बरी पडते. त्यात होडी एका थव्यापाशी फार वेळ थांबत नाही. नावाडी माहीतगार असतात. आपल्याला काय हवंय हे त्यांना आधी नीट सांगितलं तर ते रोहितांकडे न नेता पाणटिवळ्यांच्या चिखलाकडे नेतात. न सांगितल्यास नेहमीची फेरी होते. कधी कधी उडते रोहित फोटोत यावेत म्हणून होडी मुद्दाम थव्यात घातली जाते. तसं करू नका हे होडीत पाय ठेवतानाच सांगावं.

भिगवणच्या बाबतीत तारखेपेक्षा धरणाची पातळी महत्त्वाची. रोहितांना उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. पाऊस दणकून झाला असेल तर डिसेंबरातही उजनी काठोकाठ असते, चिखल पाण्याखाली असतो आणि रोहित उशिरा येतात. पाणी सोडायला लागलं, कडेची जमीन उघडी पडली की पाणपक्षी गोळा होतात. म्हणून भरल्या वर्षी जानेवारी अखेर ते मार्च, कोरड्या वर्षी डिसेंबरही चालतो. निघण्याआधी धरण किती टक्के आहे हे बघणं पक्ष्यांची यादी बघण्यापेक्षा उपयोगाचं.

पट्टकादंब दोन्हीकडे दिसू शकतात. हिमालय ओलांडून येणारे हे हंस. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब भारतातल्या तळ्यांवर वाचले गेले आहेत, त्यामुळे थवा दिसला की मानांकडे नक्की बघा. पट्ट्यावरचा क्रमांक वाचता आला तर ती नोंद शास्त्रज्ञांना मोलाची असते. क्रौंच आणि कांड्या करकोचा बघायचे असतील तर नांदूरचा परिसर. तिथंही ते पाण्यात कमी आणि आजूबाजूच्या हरभऱ्याच्या-गव्हाच्या शेतात जास्त.

थोडक्यात, कॅमेरा मोठा असेल तर भिगवण, स्कोप असेल तर नांदूर. दोन्ही नसेल तरीही नांदूर, कारण मनोऱ्यावर स्कोप घेऊन आलेला कुणी ना कुणी असतोच आणि पक्षी बघणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

माळ

माळावर गेल्यावर पहिला अर्धा तास वाटतं की इथं काहीच नाही. पिवळं गवत, मधूनच बाभूळ, लांबवर मेंढ्यांचा कळप. सरकारदरबारी अशी जमीन वर्षानुवर्षं "पडीक" म्हणून नोंदली गेली, तिच्यावर झाडं लावण्याचे कार्यक्रम झाले आणि गवताळ भागावर जगणाऱ्या पक्ष्यांची जागा त्यात गेली. माळढोक हे त्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकसाठीच राखलं गेलं. आज तिथं माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नये. काळवीट, लांडगा, हॅरियर यांच्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा.

सासवड, सुपे, बारामती, इंदापूर हा पट्टा पुण्याहून एका दिवसात होतो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी प्रसिद्ध आहे, आकारानं अगदी छोटं. कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथं वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, ऑनलाइन नोंदणी करून स्थानिक वाटाड्यासोबत जाता येतं. माझ्या मते हाच मार्ग निवडावा. गाडी घेऊन कुठंही गवतात घुसणारे हौशी फोटोग्राफर हा माळावरचा नवा उपद्रव आहे.

का माळ? कारण तिसऱ्या प्रकारचे पक्षी इथं भरपूर आहेत आणि ते ओळखायचं कसब एकदा आलं की आयुष्यभर पुरतं. हॅरियरच घ्या. माँटेग्यू आणि पॅलिड हे दोघं सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य आशियाकडून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. पॅलिड हॅरियर जगभर कमी होत चाललेला पक्षी आहे आणि आपल्याकडच्या माळांवर तो थंडी काढतो. दोघांचेही नर राखाडी, दोघांच्याही माद्या तपकिरी आणि ढुंगणावर पांढरा पट्टा. नरांमध्ये फरक सोपा आहे. माँटेग्यूच्या पंखावर वरून एक काळी आडवी रेघ असते आणि पंखाचं टोक बरंच काळं असतं. पॅलिड जवळजवळ पांढरा दिसतो आणि पंखाच्या टोकाला फक्त एक निमुळती काळी पाचर. माद्या आणि पिल्लं मात्र घाम फोडतात. मानेकडे बघायचं: गालामागे फिकट कॉलर आणि त्यामागे गडद तपकिरी पट्टा असेल तर बहुधा पॅलिड. पक्षी वाऱ्याविरुद्ध येत असेल तर तो हळू येतो, तेव्हाच हे दिसतं. म्हणून उभं राहताना वारा कुठून येतोय हे आधी बघावं, पाठीवर वारा घेऊन उभं राहावं.

संध्याकाळी साडेचारनंतर खरा खेळ सुरू होतो. हॅरियर झाडावर झोपत नाहीत, गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. दिवसभर दूरदूर नाकतोडे टिपत फिरलेले पक्षी सूर्य खाली गेला की एकेक करून त्याच माळावर येऊ लागतात. आधी एक येतो, गवतावरून दोन हात उंचीनं फेरी मारतो, बसतो, पुन्हा उठतो. मग आणखी दोन. प्रकाश नारिंगी झाला की सगळीकडून येतात, आणि ज्या माळावर सकाळी काहीच नव्हतं तिथं एका वेळी डझनभर हॅरियर हवेत असतात. याच वेळेला आखूडकानी घुबड गवतातून उठायची शक्यता असते. ते दिवसा गवतातच दडून असतं आणि पायाखाली येईपर्यंत हलत नाही. त्याला उठवायला गवत तुडवत फिरू नये. अंधार पडायच्या आधी ते स्वतःच शिकारीला निघतं. मुक्कामाच्या जागेपासून लांब, रस्त्यावरच थांबावं. हॅरियर बिचकून उठले तर अंधारात दुसरी जागा शोधताना त्यांच्या जिवावर बेततं.

सकाळची वेळ जमिनीवरच्या पक्ष्यांची. धाविक चार पावलं धावतो, थांबतो, मान ताठ करतो, पुन्हा धावतो. पखुर्ड्या पाण्यावर ठरलेल्या वेळी येतात, तेव्हा जवळचं तळं कुठं आहे ते वाटाड्याला विचारा. चंडोल, तिरचिमण्या, रणगोजे, गप्पीदास आणि ज्वारीच्या शेतावर उतरणारे भारीट. भारिटांच्या माद्या वेगळ्या करणं इतकं अवघड आहे की अनुभवी माणसंही "लाल डोक्याचा किंवा काळ्या डोक्याचा" असं लिहून सोडून देतात. तुम्हीही द्या. दहा वाजता हवा तापली की गरुड वर चढतात. स्टेप ईगल आणि टॉनी ईगल यांतला फरक बसलेल्या पक्ष्यात तोंडाच्या फटीवरून कळतो: स्टेपची पिवळी फट डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, टॉनीची डोळ्याच्या मध्याशी संपते. हे दिसायला गरुड जवळ बसलेला हवा. गाडीत बसून राहिलात तर तो बसू देतो, दार उघडून उतरलात की उडाला.

माळाच्या विरोधात बोलायचं तर ऊन, धूळ आणि आडोसा नाही. लहान मुलं कंटाळतात. शौचालयाची सोय धरू नका. वणवा लागून गेलेला असेल तर त्या माळावर हॅरियर मुक्कामाला नसतात. आणि फोटोची अपेक्षा कमी ठेवावी लागते, कारण पक्षी लांब असतात आणि अकरानंतर जमिनीवरची हवा थरथरते.

किनारा: पंचांग घेऊन जा

अलिबागजवळचा आक्षीचा किनारा, उरणच्या पाणथळी आणि ठाणे खाडी, मुंबईकरांना सगळं जवळ. खाडीत रोहितांचे दोन्ही प्रकार येतात. 2015 मध्ये तिथं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर नोंद झाली. ऐरोलीहून वनविभागाची बोट सुटते. घरच्यांना, मुलांना घेऊन जायला ही उत्तम फेरी. छोटा रोहित जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावर आहे हे खरं, पण दुर्मीळ पक्षी शोधण्याचं सुख या बोटीत फारसं नाही. सगळे रोहितांकडेच बघत असतात.

आक्षीची गोष्ट वेगळी. रुंद, सपाट, ओली वाळू, मागे सुरूची बनं. ऑयस्टरकॅचर, सँडरलिंग, सँड प्लव्हर, मोठा काळ्या डोक्याचा कुरव हे इथले हिवाळी पाहुणे. क्रॅब प्लव्हर हा या किनारपट्टीवर ज्याच्या नावानं सगळे उसासे टाकतात तो पक्षी. दिसला तर नशीब.

इथं सगळं भरतीवर आहे. ओहोटीला पक्षी मैलभर पसरतात आणि ठिपके होतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना वर ढकलतं, उरलेल्या वाळूच्या पट्टीवर सगळे दाटीवाटीनं येतात. ती वेळ पकडायची. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचून वाळूच्या वरच्या कडेला शांत बसावं आणि पक्ष्यांना आपल्याकडे येऊ द्यावं. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी, पण सहलीची तारीख ठरवायला एवढं पुरतं. उधाणाची भरती, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची, बाराच्या सुमाराला येते. तेव्हा ऊन डोक्यावर, वाळूचा पट्टा पार बुडालेला आणि पक्षी दुसरीकडे गेलेले. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी पुरेसं वर येत नाही आणि भरतीही सहाच्या आसपास, अंधारात. म्हणून थंडीतल्या दशमी ते त्रयोदशी, कुठल्याही पक्षातल्या. यातली एखादी तिथी कामाच्या दिवशी आली आणि रजा मिळत असेल तर शनिवार-रविवारचा मोह सोडा. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर गाड्या, कुत्री, घोडागाड्या आणि पाण्यावरचे खेळ सुरू झाले की थवा पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

किनाऱ्याचं ओळखशास्त्र माळापेक्षाही किचकट आहे. सुरुवात सोप्या जोडीपासून करा. तपकिरी डोक्याच्या आणि काळ्या डोक्याच्या कुरवांची डोकी हिवाळ्यात पांढरीच असतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. मोठ्या वयाच्या पक्ष्यात काळ्या पंखटोकात पांढरे गोल ठिपके आणि डोळा फिकट, तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर आणि डोळा काळा, तर काळ्या डोक्याचा. स्कोपशिवाय इथं येऊ नये असं मी स्पष्टच म्हणेन.

वनपिंगळा

आता एकाच पक्ष्यासाठी केलेली सहल. या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन 1873 मध्ये झालं, 1884 नंतर त्याचा पत्ता लागला नाही. 1914 ची म्हणून एक नोंद होती, पण ती रिचर्ड माइनर्ट्झहेगन यांनी संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेली बनवाबनवी निघाली. त्या खोट्या जागेवर शोधणाऱ्यांना काहीच मिळालं नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात तो सापडला. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि 2014 मध्ये तानसा इथंही आढळला. 2018 मध्ये त्याची नोंद "अतिसंकटग्रस्त"वरून "संकटग्रस्त" अशी झाली. पक्षी वाढले म्हणून नव्हे, तर नव्या जागा कळल्या म्हणून.

पाहायला तो पिंगळ्यासारखाच, आणि खरी पंचाईत तिथंच आहे. साधा पिंगळाही त्याच जंगलात असतो. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, वनपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. पंख-शेपटीवर रुंद ठळक पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, डोकं आणि चोच थोराड. आणि तो दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर बसलेला असतो, शेपूट झटकन डावी-उजवीकडे हलवतो. सागाची पानं झडायला लागली की शोधणं सोपं होतं, त्यामुळे जानेवारी अखेरपासून पुढे बरं.

इथं यश-अपयश सरळ आहे: दिसला किंवा नाही. बाकी तीन पर्यायांत मुख्य पक्षी नाही मिळाला तरी दिवस भरतो. इथं सुक्या सागवानी जंगलात बाकी पक्षी विरळ असतात. मुंबई-ठाण्याहून तानसा जवळ पडतं, आसनगाव-शहापूरकडून. विदर्भातल्यांना चिखलदरा आणि सेमाडोहचा भाग. मेळघाटात मनाला येईल तिथं पायी भटकता येत नाही, परवानगी आणि वाटाड्या आधी ठरवून जावं.

वाटाड्या निवडताना एकच प्रश्न विचारा: आवाज लावून पक्षी बोलावता का? हो म्हणाला तर दुसरा शोधा. वनपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासूनच सुरू होते, म्हणजे आपला सहलीचा हंगाम हाच त्याच्या घरट्याचा हंगाम. मोबाइलवरच्या आवाजाला तो परका नर समजून अंड्या-पिल्लांना सोडून भांडायला येतो. रोज सकाळी एक गट आला आणि प्रत्येकानं दहा मिनिटं आवाज लावला, तर त्या जोडीचं काय होईल याचा विचार करा. घरट्याच्या ढोलीपाशी उभं राहून फोटो काढणंही त्यातलंच.

मग कुठं, कधी

नोव्हेंबरात मोकळे असाल तर वरच्या चारांपैकी काहीच न करता लोणावळ्याचा डोंगरमाथा गाठा. अमूर ससाणे ईशान्य भारतातून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेत जातात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा पहिला आठवडा ही त्यांची जायची वेळ. मुक्काम दोन-चार दिवसांचाच, त्यामुळे बातमी कळली की लगेच निघायचं. डिसेंबर-जानेवारी नांदूर आणि माळाचे. फेब्रुवारी भिगवणचा आणि वनपिंगळ्याचा. किनाऱ्याला महिना नाही, तिथी आहे.

एकटे जाणार असाल आणि हाताशी दुर्बिणीखेरीज काही नसेल तर माळ. दोघं-तिघं आणि एक स्कोप असेल तर शनिवारी नांदूर, मुक्काम, रविवारी सकाळी पुन्हा तिथंच. दुसऱ्या दिवशी थवा ओळखीचा झालेला असतो आणि नवा पक्षी लगेच टोचतो. घरचे सोबत असतील तर भिगवणची सकाळची होडी आणि परतताना कडबनवाडीची संध्याकाळ. दोन्ही इंदापूर भागातच आहेत, त्यामुळे होडीत घरचे खूश आणि माळावर तुम्ही. गटसहल घेणार असाल तर आयोजकाला माणसं किती हे विचारा. हॅरियरच्या मुक्कामापाशी वीस जण म्हणजे जत्रा. पाणथळीवर वीस जण चालून जातात.

आणि खरंच वेगळं काही दिसलं, तर पुस्तक उघडायच्या आधी दिसलं ते लिहून काढा: पायांचा रंग, पंखावर पट्टा होता का, शेपटीचा आकार, शेजारी कोणता ओळखीचा पक्षी होता आणि त्याच्या मानानं हा मोठा की लहान. पुस्तक आधी उघडलं की चित्रात असलेली खूण आपल्यालाही दिसली होती असं वाटायला लागतं. फोटो धूसर असला तरी पुसू नका, उडतानाचा पंख दिसत असेल तर तोच कामाचा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकलीत आणि तपासणाऱ्यानं प्रश्न विचारला तर रागावू नका. पॅलिडची मादी म्हणताय तर कॉलर दिसली का, एवढंच त्याला हवं असतं.